ऐन भरांतील मुष्टियोद्धे व न झालेले सामने

गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं वसतिगृहाच्या ओटीवर दोन मुलांचें कडाक्याचें भांडण जुंपलें. विषय असा कीं, मुहम्मद अली व रॉकी मार्सियानो हे दोघे आपापल्या ऐन भरांत समोरासमोर आले असते तर कोण जिंकलें असतें? पाहतां पाहतां ओटीवरील मुलांचे दोन तट पडले, आणि जेवणाची घंटा झाली तरी कोणी उठेना. भांडण मिटविणें हें पर्यवेक्षक या नात्यानें माझें कर्तव्य होतें. परंतु खरें सांगावयाचें तर मीहि एका तटांत शिरलों होतों. पालकांपैकीं कित्येकांस हा वाद म्हणजे निव्वळ रिकामटेकडेपणा वाटेल. मला तसें वाटत नाहीं. मात्र तो ज्या रीतीनें घातला जातो ती रीत मला मान्य नाहीं, आणि तेवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

हा वाद यंत्राकडून सोडवून घेण्याचा प्रयत्न पूर्वीं एकदां झालेला आहे. १९६७ सालीं मरे वोरोनर नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें सोळा नामांकित हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची माहिती गणकयंत्रास पुरविली, व यंत्रानें ठरविलेले कल्पित सामने रेडिओवरून लोकांस ऐकविले. शेवटच्या सामन्यांत मार्सियानोनें जॅक डेम्प्सीस हरविलें. अली त्यापूर्वींच जिम जेफ्रीज याच्याकडून पराभूत होऊन बाद झाला होता! अलीनें अब्रुनुकसानीची फिर्याद लावली; शेवटीं तडजोड होऊन अली व मार्सियानो यांच्या कल्पित सामन्याचा चित्रपट काढण्याचें ठरलें. १९६९ सालीं तो तयार झाला. मार्सियानो त्या वेळीं ४५ वर्षांचा होता. रिंगण सोडून त्यास तेरा वर्षें झालीं होतीं. त्यानें वजन उतरविलें, डोक्यावर केसांचा टोप चढविला, आणि दोघांनीं कॅमेऱ्यापुढें मिनिटा-मिनिटाच्या पुष्कळ फेऱ्या खेळून दाखविल्या. शेवट निरनिराळ्या तऱ्हेचे घेऊन ठेविले होते. खरा कोणता, हें दोघांसहि ठाऊक नव्हतें. मार्सियानोस तर तें कधींच कळलें नाहीं. ३१ ऑगस्ट १९६९ रोजीं विमानाच्या अपघातांत त्याचा अंत झाला, आणि चित्रपट दाखविला गेला तो २० जानेवारी १९७० रोजीं. अमेरिकेंतील प्रेक्षकांनीं तेराव्या फेरींत अली कोसळलेला पाहिला. यूरोपांत दाखविलेल्या प्रतींत मात्र अलीच विजयी ठरला. समुद्र ओलांडतांच निकाल उलटला! यंत्रास दोष देण्यांत अर्थ नाहीं. जात्यांत जें घालावें त्याचेंच पीठ पडतें.

आमच्या मुलांची चूक याहून निराळी नव्हती. ‘ऐन भर’ हा शब्द ते असा वापरीत होते, जणूं कांहीं प्रत्येक योद्ध्याच्या कपाळीं त्या वर्षाचा आंकडा कोरलेलाच असतो. अलीचाच दाखला घ्या. २२ मार्च १९६७ रोजीं त्यानें झोरा फॉली यास पाडलें तेव्हां तो २५ वर्षांचा होता. त्यानंतर व्हिएतनामच्या युद्धासाठीं सैन्यांत दाखल होण्याचें त्यानें नाकारलें. त्याचा परवाना गेला, अजिंक्यपद गेलें, आणि २६ ऑक्टोबर १९७० पर्यंत त्यास रिंगणांत पाऊल टाकतां आलें नाहीं. साडेतीन वर्षें! आधींचा अली पायांवर नाचून ठोसे चुकवी. नंतरचा अली १९७४ सालीं किन्शासा येथें दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे सोशीत राहिला व आठव्या फेरींत त्यानें त्यास झोपविलें. या दोघांच्या मधला सत्तावीस वर्षांचा अली कोणीच पाहिलेला नाहीं, आणि कदाचित् तोच सर्वांत मोठा असेल. जो लुई याचेंहि तेंच. मार्च १९४२ पासून जून १९४६ पर्यंत, सैन्यांतील नोकरीमुळें, त्याचें अजिंक्यपद एकदांहि पणास लागलें नाहीं.

नियमांचा विचार तर कोणीच केला नव्हता. १९१५ सालीं हॅव्हाना येथें जॅक जॉन्सन पंचेचाळीस फेऱ्यांच्या सामन्यांत सव्विसाव्या फेरींत जेस विलर्डकडून हरला. अलीच्या काळीं जगज्जेतेपदाच्या फेऱ्या पंधरा होत्या, आज त्या बारा आहेत. १९१९ सालीं डेम्प्सीनें त्याच विलर्डला पहिल्याच फेरींत सात वेळां लोळविलें, परंतु तो पडलेल्या माणसाच्या अंगावर उभा राही व उठतां क्षणीं पुन्हां मारी. तेव्हां तें चालत असे. १९२७ सालीं नवा नियम आल्यावर जीन टनी पडला असतां डेम्प्सी वेळीं कोपऱ्यांत गेला नाहीं. पंचानें मोजणी उशिरां सुरू केली, टनी सांवरला आणि जिंकला. आतां अलीपुढें डेम्प्सीस उभा करावयाचा तो कोणत्या नियमाखालीं?

मग वाद घालावयाचाच नाहीं काय? अवश्य घालावा, पण साक्षीपुरावा घेऊन. अली व लुई यांचा सामना मला स्वतःला सर्वांत मोहक वाटतो, कारण त्याचे पुरावे आहेत. १८ जून १९४१ रोजीं बिली कॉन हा लुईहून सुमारें २५ पौंडांनीं हलका, पण चपळ गडी, बारा फेऱ्यांअखेर दोन पंचांच्या हिशेबीं पुढें होता. म्हणजे पायांनीं खेळणाऱ्यास लुई गांठूं शकत नसे. अली तर कॉनइतकाच चपळ आणि लुईहून उंच! पण तेराव्या फेरींत कॉननें मोह आवरला नाहीं, तो ठोशास ठोसा देऊं लागला, व लुईनें त्यास आडवा केला. अलीसहि हा मोह होताच. शिवाय तो हात खालीं ठेवी, आणि डाव्या हाताच्या आंकड्यानें त्यास १९६३ सालीं हेन्री कूपरनें व १९७१ सालीं जो फ्रेझरनें जमिनीवर आणिलें होतें. लुईचा डावा आंकडा त्या दोघांहून हलका नव्हता. माझें मत असें कीं, अली गुणांवर जिंकेल, पण पंधरावी फेरी संपेपर्यंत मी श्वास सोडणार नाहीं. मार्सियानोविषयीं मला इतकी धाकधूक वाटत नाहीं. त्याची पोंच अलीपेक्षां सुमारें दहा इंचांनीं कमी होती. त्यानें ४९ पैकीं ४९ सामने जिंकले हें खरें, आणि १९५१ सालीं लुईस पाडलें हेंहि खरें. पण तो लुई ३७ वर्षांचा होता.

तथापि एक गोष्ट मला या सर्वांहून जास्त टोंचते. काळ आड आला म्हणून न झालेल्या सामन्यांविषयीं आपण रात्र जागवितों, पण जे होऊं शकत असतां माणसांनींच होऊं दिले नाहींत त्यांचें काय? यंत्रानें अलीस हरवावयास लावलेला जेफ्रीज जगज्जेता असतांना कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याशीं लढण्यास नकार देई. १९१० सालीं, वयाच्या ३५ व्या वर्षीं, तो जॉन्सनसमोर आला तेव्हां पंधराव्या फेरींत संपला. डेम्प्सीच्या राज्यांत हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय योद्धा वर्षानुवर्षें पहिल्या मानाचा उमेदवार होता. करारावर सह्याहि झाल्या, पण सामना झाला नाहीं. त्या दोघांचें वजन, वय, उमेद सर्व एकाच काळांतलें होतें. यंत्राची किंवा कल्पनेची गरजच नव्हती. नुसतें रिंगण उभारावयाचें होतें.

त्या रविवारीं मुलांनीं कागदावर वीस नांवांची यादी केली होती. विल्सचें नांव तींत नव्हतें. यादी अजून माझ्याजवळ आहे, आणि एकविसावें नांव मीं आपल्या हातानें लिहिलें आहे. आतां त्याच्यासमोर डेम्प्सीस उभा करून मुलें काय म्हणतात तें पाहावयाचें आहे.