शेतकऱ्याचा जोडा

धानाच्या मुलखात पायताणाचा विषय काढला म्हणजे पुष्कळ गृहस्थ हसतात. चिखलात कसला जोडा, असे त्यांचे म्हणणे. आणि रोवणीपुरते ते खरेही आहे. बांधीच्या चिखलात कातड्याचा बूट घालून उतरणे म्हणजे बुटाचा व पायाचा दोघांचाही छळ होय. परंतु रोवणी थोड्या दिवसांची. धुऱ्यावरून पाणी पाहणे, कापणी, भारे वाहणे, खळ्यावरील राखण ही कामे पुढे कितीतरी दिवस चालतात, आणि आमच्या नागऱ्याच्या शिवारात ती अद्याप रबरी चपलेवर किंवा अनवाणीच होतात.

महसूल खात्यात कारकुनी करीत असता सर्पदंशाने दगावलेल्या खातेदारांचे कागद आमच्या हातांखालून गेले. घोटा, पोटरी, पायाचा पंजा, हेच शब्द आम्ही कितीदा उतरून घेतले! गोपीनाथ मुंडे यांच्या नावे चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेत मृताच्या वारसास २ लक्ष रुपये मिळतात. त्या रकमेच्या शतांशात थोडी भर घातली तर चांगला जोडा येतो. हा हिशेब खुर्चीवर बसलो होतो तेव्हा सुचला नाही, याचा खेद वाटतो.

घोट्यावर येणारे जाड कातडे सर्पाच्या दातास पुष्कळ अडविते. मात्र घोणसाचे दात लांब असतात, सबब बूट अभेद्य समजू नये. आणि भारा उचलणारा हात तर उघडाच राहतो. दंश झालाच तर दोरी आवळण्यात व मांत्रिकाकडे वेळ न दवडता, पाय स्थिर ठेवून, तडक सरकारी दवाखाना गाठावा. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारहींच्या विषावरील प्रतिविष एकच असते.

निवड करताना आम्ही स्वतः एकदा फसलो. चकाकी पाहून घेतलेल्या जोड्याचा तळ दुसऱ्याच पावसाळ्यात सुटला. आतून पाहतो तो कापड, व त्यावर कातड्याच्या रंगाचा लेप! तेव्हापासून आम्ही कापलेली कड पाहतो; खऱ्या कातड्यात तंतू दिसतात. तळ नुसता चिकटविलेला नसून शिवलेला असावा, म्हणजे झिजल्यावर चर्मकार बंधू नवा बसवून देतात. खरेदीस सायंकाळी जावे, कारण दिवसभराच्या श्रमाने पाय किंचित फुगलेला असतो. मोजे चढवून पाहावे व अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवावी.

निगेत आमच्या लोकांची मोठी चूक एकच: ओला बूट चुलीजवळ ठेवणे. अशाने कातडे आखडते व तडकते. चिखल ओल्या फडक्याने पुसावा, खत फवारले असल्यास विशेषच. आत वर्तमानपत्र किंवा कोरडी तणीस कोंबून सावलीत वाऱ्यावर ठेवावा. तणीस सकाळी बदलावी, ती आश्चर्य वाटण्याइतकी ओल शोषते. पूर्ण वाळल्यावर एरंडेलाचा हलका हात फिरवावा. अधिक तेलाने कातडे लिबलिबीत होते. शिवणीवर मधमाशीचे मेण घासावे. पावसाळ्यात पेटीत कोंडून ठेवल्यास बुरशी येते, यास्तव खुंटीवर टांगावा. घरची मंडळी नावे ठेवतील, ठेवू द्यावी.

संस्थेस आमची सूचना अशी की, बियाण्याप्रमाणेच जोड्यांचीही सभासदांकडून एकत्र मागणी घ्यावी, आणि ती कापणीपूर्वी. प्रत्येकाने पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून द्यावा. बायकांच्या पायांचे माप वेगळे घ्यावे, कारण कापणीस त्याच अधिक असतात.