गृहयंत्रांचे भाट

प्रत्येक नव्या यंत्राबरोबर त्याचे भाटही जन्मास येतात. राजा बदलला म्हणून भाटाचें कवन बदलत नाहीं. जुनें नांव पुसून नवें घातलें कीं त्याचें भागतें. घरकामाच्या यंत्रांसंबंधानें हें कवन गेलीं शंभर वर्षें एकाच चालीवर चाललें आहे, आणि त्याचें ध्रुपद असें कीं, यंत्र घरांत आलें, गृहिणी सुटली. कुकरच्या वेळीं हेंच म्हटलें गेलें, मिक्सरच्या वेळीं हेंच, वॉशिंग मशीनच्या वेळीं हेंच. आणि आतां जमिनीवर आपोआप फिरून केर ओढणारी चकती व दोन पायांवर चालणारा यंत्रमानव यांच्या जाहिरातींतही शब्द तेच आहेत. सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांतून या कवनास माना डोलतात, म्हणूनच त्याचा समाचार घेणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

यावर कोणी आम्हांस जुन्या काळाचे कैवारी ठरवील. तेव्हां प्रथमच सांगून टाकतों कीं, आम्ही यंत्रांचे वैरी नाहीं. पाट्यावर वाटलेल्या चटणीची चव मिक्सरला येत नाहीं असें जेवतांना सांगणारे अनेक गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. त्यांपैकीं एकानेंही वरवंटा कधीं हातीं धरल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. अशा रसिकांपेक्षां मिक्सर बरा. आमचा वाद यंत्राशीं नसून एका हातचलाखीशीं आहे. काम हलकें होणें ही एक गोष्ट. तें काम कोणाच्या माथीं आहे हें बदलणें ही अगदीं वेगळी गोष्ट. भाट पहिली दाखवितात आणि दुसरी पदरांत पडल्याचा बहाणा करितात.

पूर्वपक्ष मांडावयाचा तर तो त्याच्या बळकट रूपांत मांडावा. कोरियन अर्थशास्त्रज्ञ हा-जून चँग यांनीं २०१० सालच्या आपल्या एका पुस्तकांत असें प्रतिपादिलें कीं, इंटरनेटनें जग जितकें बदललें त्याहून अधिक तें वॉशिंग मशीननें बदललें. कारण घरकामाचे तास वाचल्यामुळें स्त्रिया पगारी कामासाठीं घराबाहेर पडूं शकल्या. यांत तथ्य पुष्कळ आहे. ज्यानें भिजलेल्या गोधड्या एकदां तरी दगडावर आपटल्या आहेत तो या विधानास हंसणार नाहीं. परंतु ज्या अमेरिकेंत हीं यंत्रें सर्वांआधीं घरोघर पोहोंचलीं, तेथील हिशेब काय सांगतो? जोआन व्हानेक या विदुषीनें १९७४ सालीं तो हिशेब प्रसिद्ध केला. ज्या स्त्रिया नोकरी करीत नव्हत्या त्या १९२४ च्या सुमारास आठवड्यास सुमारें ५२ तास घरकामांत घालवीत. १९६० नंतरच्या दशकांत, वीज, नळ आणि यंत्रें असें सारें घरांत येऊन स्थिरावल्यावर, ५५ तास. चाळीस वर्षांच्या शोधांची ही कमाई!

हें कसें घडलें याचा उलगडा इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनीं १९८३ सालच्या ग्रंथांत केला आहे, आणि तो प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें ध्यानांत घेण्यासारखा आहे. जुन्या घरांत लांकडें फोडणें, पाणी भरणें, गालिचे झटकणें हीं कामें पुरुषांच्या आणि मुलांच्या वांट्याला होतीं. यंत्रांनीं प्रथम हीं कामें संपविलीं. म्हणजे घरांतले पुरुष आधीं सुटले. बाहेर धोबिणीकडे जाणारे कपडे, घरीं यंत्र आल्यावर, घरींच परत आले. शिवाय स्वच्छतेची पायरी वर चढली. आठवड्यानें बदलावयाचा सदरा रोज बदलूं लागला, आणि वाचलेला वेळ या वाढलेल्या कामानें गिळून टाकला.

आतां आपल्याकडे पाहूं. पूर्वीं एक पंचा चार दिवस चाले. आतां प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, आणि तो दोन दिवसांत यंत्रांत. मुलाचा गणवेश रोजचा धुतलेला पाहिजे, कारण "मशीन तर आहे!" मशीन कपडे धुतें हें खरें. परंतु खिशांतले कागद काढणें, रंग जाणारे कपडे बाजूस करणें, पिळे सोडवून वाळत घालणें, पाऊस आला कीं धांवत जाऊन ते आंत ओढणें, घड्या घालून ज्याच्या त्याच्या कपाटांत ठेवणें, हें कोणतें यंत्र करितें? या साऱ्या खटाटोपांत यंत्राशीं पुरुषाचा संबंध येतो तो बटणापुरता. आणि बटण दाबणारा गृहस्थ "आज कपडे मीं लावले" असें इतक्या प्रामाणिकपणें सांगतो कीं, त्यास खोटें म्हणण्यास जीभ धजत नाहीं.

मिक्सरची कथा तर अधिक बोधक आहे. परदेशी मिक्सर आपल्या वाटणाघाटणास टिकत नसत. सुकें खोबरें, भिजलेली डाळ, हळकुंड यांच्यापुढें त्यांच्या मोटारी जळत. सत्यप्रकाश माथुर या इंजिनियराच्या घरचा जर्मन मिक्सर असाच जळला, आणि त्यांतून १९६३ सालीं आपल्या स्वयंपाकघरास पेलणारा दणकट मिक्सर जन्मास आला. त्याच्या आठ वर्षें आधीं, १९५५ सालीं, जपानांत तोशिबा कंपनीनें विजेवर आपोआप भात शिजविणारें भांडें बाजारांत आणलें. तें बनविणारा टोकिओंतील एक लहान कारखानदार, योशितादा मिनामी; परंतु भात केव्हां शिजतो, केव्हां करपतो, थंडींत काय होतें, याचे अगणित प्रयोग केले ते त्याची पत्नी फुमिको हिनें. स्त्रियांस भात शिजविण्याच्या कष्टांतून सोडविण्यासाठीं एका स्त्रीला किती भात शिजवावा लागला असेल! या दोन्ही शोधांस आमचा मनापासून नमस्कार आहे, कारण ते चुलीपाशीं काय घडतें हें पाहून झालेले शोध आहेत. आजच्या पुष्कळशा चमत्कारांसारखे प्रदर्शनाच्या मंचावरून घराकडे पाहणारे नव्हेत. परंतु त्यांचाही पराक्रम हातांना विश्रांति देण्यापुरताच आहे. सणावारीं होणारी वाटणाची आमटी मिक्सर आल्यावर आठवड्यांतून दोनदां होऊं लागली, इडलीचें पीठ शनिवारचा नेम झालें, आणि "दोन मिनिटांचें तर काम" हा शब्द गृहिणीच्या कानीं पडूं लागला. दोन मिनिटांचीं कामें दिवसांत किती बसतात, हें मोजावयास कोणी बसलें नाहीं.

खरोखर सुटका करणारे शोध घरांत आलेच नाहींत. ते घराबाहेर उभे राहिले, आणि म्हणून भाटांस ते दिसत नाहींत. पिठाची गिरणी घ्या. पहाटे तीन वाजतां उठून जातें ओढणाऱ्या बायकांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनीं गांवोगांव फिरून एक लाखावर गोळा केल्या. मराठी भाषेवर हे त्यांचे मोठे उपकार आहेत. त्या ओव्यांसाठीं हळहळणारे रसिक मात्र हें विसरतात कीं, गिरणीचा पट्टा गांवांत फिरूं लागतांच बायकांनीं जातें क्षणाचाही विचार न करितां कोपऱ्यांत ढकललें. ओवी त्यांस प्रिय होती; पहाटे तीन वाजतां उठणें प्रिय नव्हतें. आणि आणखी एक गंमत पाहावी. दळण घरांत होतें तोंवर तें बायकांचें. तें घराबाहेर जातांच दळणाचा डबा सायकलीवर ठेवून गिरणीवर नेणें हें मुलाचें, प्रसंगीं बापाचेंही, काम झालें, आणि त्यांत कोणास कमीपणा वाटला नाहीं! आमच्या मतें घरगुती यंत्रांच्या साऱ्या जाहिरातींत जेवढें शहाणपण नाहीं तेवढें या एका डब्यांत आहे.

नळाचें असेंच. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जलजीवन योजना जाहीर झाली, तेव्हां देशांतल्या ग्रामीण घरांपैकीं सुमारें सव्वातीन कोटी घरांतच नळ होता. २०२५ मध्यें सरकारी मोजणीनें ही संख्या पंधरा कोटींवर गेली. (नळ बसणें आणि पाणी येणें यांत अंतर किती, हें मराठवाड्यांत वैशाखांत विचारावें.) डोक्यावर दोन हंडे घेऊन चालणारीच्या आयुष्यांत नळाइतकी उलथापालथ करील असा यंत्रमानव अद्याप जन्मलेला नाहीं. पण नळावर कोणी व्याख्यान देत नाहीं, त्याचें अनावरण टाळ्यांच्या गजरांत होत नाहीं. कारण तो एकेकट्या घरास विकतां येत नाहीं, तो सर्वांनीं मिळून, कर भरून, भांडून आणावा लागतो.

भाटांस अंक हवे असतील तर तेही आहेत. भारत सरकारनें लोकांच्या वेळाची पाहणी २०१९ सालीं केली आणि पुन्हां २०२४ सालीं. पाहणीच्या दिवशीं ज्यांनीं घरकाम केलें अशांपैकीं स्त्रियांचा वेळ २०१९ सालीं सरासरी २९९ मिनिटें होता. तो २०२४ सालीं २८९ झाला. पांच वर्षांत दहा मिनिटें वाचलीं. याच काळांत पुरुषांचा वेळ ९७ मिनिटांवरून ८८ वर आला. म्हणजे ज्यांच्यावर भार एकतृतीयांशही नव्हता त्यांनीं सुद्धां आपलीं नऊ मिनिटें वाचवून घेतलीं. आणि हे पुरुष तरी किती? घरकामाला हात लावणारे चारांत एक, फार तर थोडे अधिक. हे जुन्या पिढीचे आंकडे नव्हेत. हातोहातीं मोबाईल असलेल्या, घरबसल्या भाजी मागविणाऱ्या, कृत्रिम बुद्धीशीं गप्पा मारणाऱ्या पिढीचे आहेत.

आतां नव्यांत नवे दोन शोध. ऑक्टोबर २०२५ मध्यें वीस हजार डॉलर किमतीचा एक यंत्रमानव अमेरिकेंत घरकामासाठीं विक्रीस ठेवण्यांत आला. कपड्यांच्या घड्या घालील, भांडीं उचलील, अशी त्याची ख्याति. परंतु जें काम त्यास साधत नाहीं तें त्याच्या डोळ्यांतून पाहून दूर बसलेला कंपनीचा मनुष्य करून देतो! यंत्राच्या पोटांत माणूस दडवून त्यास स्वयंचलित म्हणण्याची ही युक्ति आम्हांस गारुड्याच्या पेटीची आठवण करून देते. आणि आपल्या मुंबईंत त्याच वर्षीं मार्च महिन्यांत काय अवतरलें? मोबाईलवर बोट ठेवतांच पंधरा मिनिटांत मोलकरीण दारांत! नांवांत 'मोलकरीण' या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला होता. ओरड झाली तेव्हां नांव तेवढें बदललें. शतकभर गृहिणीच्या सुटकेच्या गोष्टी सांगून शेवटीं सर्वांत आधुनिक गृहयंत्र निघालें तें कोण, तर दुसरी एक बाई.

ही दुसरी बाई आमच्या वाचकांच्या बहुतेक घरांत आज आहे, आणि मध्यमवर्गीय घरांतलीं यंत्रें बव्हंशीं तिच्याच हातून चालतात. घरकामगारांच्या हक्कांविषयींचा आंतरराष्ट्रीय करार २०११ सालीं जिनिव्हा येथें मंजूर झाला. भारतानें त्यास अद्याप अनुमति दिलेली नाहीं. महाराष्ट्रानें घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीं केला. पण आपल्या घरीं येणाऱ्या बाईची नोंद त्या मंडळांत आहे काय, हें किती घरांतून विचारलें गेलें? नवरा आणि बायको दोघेंही नोकरीस जातात, ही प्रगतीची खूण म्हणून मिरविली जाते. घरकाम मात्र दोघांत वांटलें जाण्याऐवजीं तिसरीच्या अंगावर ढकललें जातें, आणि ती आपल्या घरीं परत गेल्यावर तेंच काम पुन्हां करिते, बहुधा यंत्रावांचून. वॉशिंग मशीनच्या देखभालीचा वर्षाचा करार बहुतेक घरांतून होतो व त्याचे पैसे आगाऊ भरले जातात. तेंच मशीन रोज लावणाऱ्या बाईचे मात्र, ती तापानें चार दिवस आली नाहीं, तर चार दिवसांचे खाडे महिनाअखेरीस पगारांतून वजा होतात.