पुणेरी कोणास म्हणावें?

कबड्डीचा संघ आपल्या गांवच्या मुलांनींच ओळखावा, असें भिंगारांतील पुष्कळ रसिक म्हणतात. आम्हांस हें पटत नाहीं. १ मार्च २०२४ रोजीं पुणेरी पलटणीनें हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवून प्रो कबड्डीचें अजिंक्यपद प्रथमच जिंकिलें. कर्णधार अस्लम इनामदार आपल्याच जिल्ह्यांतील टाकळीभानचा. त्याचा अभिमान कोणास नाहीं? परंतु बचावाचा आधारस्तंभ महंमदरेझा शादलुई हा इराणी, आणि अंतिम सामन्यांत चढाईचा भार वाहिला पंकज मोहितेनें! एकाच वीराच्या तोंडाकडे पाहत न बसतां सर्वांनीं मिळून चढावें व सर्वांनीं मिळून धरावें, ही त्या संघाची रीत. ती अंगीं बाणली तो पुणेरी. पुढच्याच हंगामांत शादलुई हरियाणाकडे गेला, व पुणें मागें पडलें हें खरें. तथापि २०२५ सालीं, शादलुईवांचून, तोच संघ पुनः अंतिम सामन्यापर्यंत पोंचला.