बारभाई आणि एक कारभारी

आमच्या पणदऱ्याकडे 'कारभारी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. जुन्या वळणाची बाई नवऱ्याचे नाव घेत नाही; 'आमचं कारभारी रानात गेल्यात' असे सांगते. गावात ज्याचा शब्द चालतो तोही कारभारीच. आणि जुन्या बखरी उघडाव्यात, तर दुसऱ्याची दौलत सांभाळणारा पगारी मुत्सद्दी, त्यालाही कारभारी हेच नाव! धनी आणि धन्याचा चाकर, दोघेही या एका शब्दात बिऱ्हाड करून आहेत. भाषेत ते सुखाने नांदतात. व्यवहारात मात्र असे दोघे एका छपराखाली आले, की भांडी वाजू लागतात.

हा भांड्यांचा आवाज हल्ली फार मोठ्याने ऐकू येतो तो गृहनिर्माण सोसायट्यांतून. आता पणदऱ्यात 'सोसायटी' म्हटले की पीककर्ज देणारी विकास सोसायटीच आधी डोळ्यांपुढे येते. पण पोरे नोकरीसाठी पुण्याला गेली, बारामतीतही मजल्यावर मजले चढले, आणि आमच्याकडच्या कित्येकांचे उसाचे पैसे नि निवृत्तीचा फंड त्या मजल्यांत जाऊन बसला. तेव्हा 'शहरवाल्यांचे ते पाहून घेतील' असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

आमचे दाजी पुण्यात हडपसरच्या बाजूला राहतात. सोसायटीच्या समितीवर आहेत. गेल्या दिवाळीत फराळाला बसले आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "पाहुणं, दोन वर्षांत तिसरा मॅनेजर पळाला बघा."

"का बरं दाजी? पगार कमी पडला?"

"पगाराचं नाही हो. जाताना म्हणाला, मला अकरा साहेब आहेत. एकानं बागेला पाणी घाल म्हणावं, दुसऱ्यानं पाणी जपून वापर म्हणावं. तिसऱ्याच्या घरातला नळ गळतो, तर सकाळी सहाला फोन. मी नेमका कुणाचा माणूस, एवढं लिहून द्या, म्हणाला. आता ते कोण लिहून देणार?"

दाजी हसले. मलाही हसू आले. पण विचार करता त्या माणसाने लाखातला प्रश्न विचारला होता.

याच्या नेमके उलटे टोक आमच्या कॉलेजातील एका सहकाऱ्याने पाहिले. त्यांच्या सोसायटीत मॅनेजर इतका हुशार, की समितीने हळूहळू डोकेच बाजूला काढून ठेवले. पाण्याचा टँकर कुणाचा, रंगाचा ठेका कुणाला, बँकेचा पासवर्ड काय, सगळे त्या एकालाच ठाऊक. खजिनदार कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवीत, कारण 'माणूस विश्वासाचा आहे'. समितीची बैठक गणपतीपुरती. एके दिवशी तो माणूस दुसरीकडे गेला आणि लिफ्ट बंद पडली. मग कळले, की लिफ्टच्या देखभालीचा करार केव्हाच संपला होता. पाचव्या मजल्यावरच्या एका आजींना दवाखान्यात न्यायचे, तर चौघांनी खुर्चीत बसवून जिन्याने उतरवले. त्या माणसाने पैसे खाल्ले असे कुणी सिद्ध केलेले नाही. कदाचित खाल्लेही नसतील. पण विचारणारा कुणी नसला, की प्रामाणिक माणूससुद्धा विसरू लागतो.

एकीकडे अकरा साहेब, दुसरीकडे एकही नाही. आपल्या इतिहासाला हे दोन्ही रोग चांगले ठाऊक आहेत. कुठे गोंधळ दिसला, की आपण 'बारभाईचा कारभार' म्हणून नाक मुरडतो. पण खरे बारभाई आठवून पाहा. 1773 साली नारायणरावांचा खून झाला. त्यानंतर सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके प्रभृती मंडळींनी एकत्र येऊन राघोबादादांना गादीपासून दूर केले, 1774 साली जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालवले आणि इंग्रजांशी झालेल्या युद्धातून 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत ते तगवून नेले. गोंधळ्यांच्या हातून हे होत नसते. मसलत अनेकांची होती. पण दफ्तर आणि हिशेब एका नेमक्या हातात होता. तो हात नानांचा.

आणि पुढे? पुढे दफ्तर सांभाळणारा हातच राज्य सांभाळू लागला. 1779 साली सखारामबापू कैदेत पडले. बारभाई संपले आणि एकटे नाना उरले. नाना कर्तबगार होते, हे कोण नाकारील? पण प्रत्येक मॅनेजर नाना फडणीस नसतो, आणि कारभार एकाच माणसाच्या डोक्यात राहिला, की त्या माणसाबरोबर तोही जातो.

मग कारभार कुणाचा? कायद्याने याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था 1915 साली उभी राहिली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या. शंभराहून अधिक वर्षांचा हा संसार आहे. आज आपल्याकडे 1960 चा सहकारी संस्थांचा कायदा आहे आणि 2019 साली त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरणही घातले गेले. या कायद्याप्रमाणे अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेची. तिच्या वतीने कारभार पाहायचा समितीने. उपविधींत सचिवाच्या कामांची लांबलचक यादी आहे. सचिव हा सभासदांतलाच. मॅनेजर मात्र पगारी माणूस. त्याने काय करावे हे समितीने ठरवून द्यायचे असते. आणि चूक झाली तर? समितीचे सभासद एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार धरले जातात. याचा अर्थ मराठीत असा, की काम सोपवता येते, जबाबदारी सोपवता येत नाही.

आमच्या भागातल्या माणसाला हे शिकवायला कायद्याचे पुस्तकही नको. नीरा डावा कालवा आमच्या रानांना पाणी देतो. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाणी एकाच ठिकाणी मुरू न देता ते अधिक गावांना ठरल्या क्षेत्रावर मिळावे, हा त्यातला हेतू. कालव्यावर पाटकरी असतो. चारीचे दार उघडणारा तोच. आता कल्पना करा, की पाटकऱ्याने ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकायचे ठरवले, तर? दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी निघतील! म्हणून पाळीपत्रक असते. कुणाची पाळी केव्हा, हे कागदावर लिहिलेले. बागायतदार तावातावाने आला, तर पाटकरी कागद पुढे करतो. पाळीपत्रक कोण पाळत नाही याच्या गोष्टी पारावर पुष्कळ ऐकायला मिळतात. पण तक्रार तरी कशाच्या जोरावर करतात? त्या कागदाच्याच ना! कागद शेतकऱ्याला पाटकऱ्याच्या मर्जीपासून वाचवतो आणि पाटकऱ्याला शेतकऱ्याच्या दमदाटीपासून.

शेजारी माळेगावला सहकारी साखर कारखाना आहे. तिथे संचालक मंडळ सभासदांनी निवडायचे आणि रोजचा गाडा कार्यकारी संचालकाने हाकायचा, ही रीत आमच्याकडे पोरासोरांना माहीत आहे. गाळप केव्हा सुरू करायचे हे मंडळ ठरवील. पण संचालक महाशय स्वतः गव्हाणीत मोळ्या टाकायला उभे राहिले, तर लोक हसतील. सोसायटीत मात्र चेअरमनसाहेब पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह स्वतः फिरवतात, आणि लोक हसण्याऐवजी त्यांना 'कर्तव्यदक्ष' म्हणतात.

दाजींना मी जे सांगितले ते वाचकांनाही सांगतो. मॅनेजरशी बोलणारे तोंड एकच ठेवा, बहुधा सचिवाचे. बाकीच्या दहांनी बैठकीत हवे तेवढे भांडावे. बैठकीबाहेर मॅनेजरला हुकूम सोडू नये. सभासदांची तक्रार वहीत लिहिली जावी, सकाळी सहाच्या फोनवर नको. मॅनेजरने काय करायचे, किती रुपयांपर्यंत न विचारता खर्च करायचा, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. दर महिन्याला त्याने हिशेब द्यावा, समितीने तो वाचावा आणि इतिवृत्तात नोंदवावा. करार, चाव्या, पासवर्ड यांची यादी संस्थेच्या कपाटात असावी. कोऱ्या धनादेशावर सही तर सख्ख्या भावासाठीसुद्धा करू नये. आणि शेवटचे म्हणजे, त्या माणसाला वेळेवर पगार द्यावा आणि चारचौघांत 'अरे-तुरे' करू नये. पाटकऱ्याला पाळीपत्रक हवे तसा मानही हवा.

दाजींनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे सगळं ठीक आहे हो. पण यात चेअरमनला काम काय उरलं?"

मोठे मार्मिक बोलले! आपल्या पुष्कळशा भांडणांचे मूळ इथेच आहे. अधिकार म्हणजे हुकूम सोडणे, अशी आपली समजूत. खरे तर इमारत वीस वर्षांनी कशी उभी राहील, दुरुस्तीचा निधी पुरेल का, सिंकिंग फंडात दरवर्षी भर पडते का, हे पाहणे किती मोठे काम आहे! बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्का रक्कम दरसाल त्या फंडात जावी, असे आदर्श उपविधी सांगतात. पाव टक्का ऐकायला चिमूटभर वाटतो. पण तो वेळेवर न टाकणाऱ्यांच्या मुलांना पुढे लाखांत मोजावा लागतो. चेअरमनांनी व्हॉल्व्ह सोडून या कागदावर नजर ठेवली, तर त्यांना दिवस पुरायचा नाही.

लक्ष्मीपूजनाला आपण हिशेबाच्या वह्या पाटावर मांडतो, त्यांना हळदकुंकू वाहतो. सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होते, हे खरे. तरी यंदा सोसायटीच्या समितीवर असलेल्या गृहस्थांनी आणखी एक वही त्या पाटावर ठेवावी, असे सुचवतो. इतिवृत्ताची! पूजा झाली की ती उघडून शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे तेवढे पाहावे. तारीख फार जुनी असली, तर करंजी खाली ठेवून आधी मॅनेजरला फोन करावा. सकाळी सहाला मात्र नको.