कृपा आहे, मग संयम कशाला?

“तारण कृपेनं होतं, कर्मांनी नव्हे. मग इंद्रियदमनाचा एवढा जाच कशाला?” असं विचारणारे विश्वासणारे शास्त्राचा आधारही देतात. हे शिवू नका, ते चाखू नका, असल्या नियमांनी देहाची हाव आवरत नाही, असं पौलानं कलस्सैकरांना बजावलं आहे. आधार खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला साफ नामंजूर आहे.

तोच पौल करिंथकरांपुढे शर्यतीत धावणाऱ्याचा दाखला ठेवतो आणि आपणही शरीराला ताब्यात ठेवतो असं सांगतो. करिंथजवळ इस्थमियाचे खेळ भरत. तयारीशिवाय मैदानात उतरणाऱ्याचं काय होतं, हे त्या वाचकांना ठाऊक होतं. तीताच्या पत्रात तर कृपाच आपल्याला संयमानं जगायला शिकवते, असं म्हटलं आहे. कृपा शिकवते, तर शिकणाऱ्यानं रोज गिरवायला नको का?

दुसरे म्हणतात, आत्म्यानं भरलेल्याला शिस्तीचं ओझं कशाला? त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनकडे पाहावं. 1905 साली तिथं मोठं संजीवन झालं. रडणं, पश्चात्ताप, तासन्‌तास प्रार्थना, सगळं झालं. पण त्याच मुक्तीत पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. 1922 साली वारल्या तोवर त्यांनी ते पुरं करत आणलं होतं, आणि छापखान्यात तिथल्याच मुली राबत होत्या. वर्षानुवर्षं ओळीमागून ओळ तपासत बसणं हे आत्म्याचं काम नाही, असं कोण म्हणेल?

आता सगळ्यात अवघड जागा. सभेत माणूस उभा राहतो, दारू सुटल्याची साक्ष देतो, मंडळी हालेलुया म्हणते. साक्ष खरी असते. तिच्यावर शंका घेणं पाप आहे. चूक आपली होते. त्या दिवशीच काम फत्ते झालं असं आपण धरून चालतो.

पुढे काय होतं, ते बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात बघा. हा तालुका ऊसतोड कामगारांचा. हंगामाआधी मुकादमाकडून उचल मिळते, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. म्हणजे त्या नोटांत बायकोचे सहा महिन्यांचे हात आधीच विकलेले असतात. नवऱ्यानं त्यातली बाटली घेतली, तर तो तिची पहाटेची थंडी, तिच्या डोक्यावरची मोळी पितो. म्हणून ‘माझ्या देहाचं मी बघेन’ हे ख्रिस्ती माणसाला म्हणताच येत नाही. फेडणारी दुसरी असते.

नीतिसूत्रांत संयम नसलेल्या माणसाला तट ढासळलेल्या नगराची उपमा आहे. धारूरचा किल्ला बघा. तीन बाजूंना खोल दरी, आणि खंदक खोदला तो सपाट बाजूला. फडात, अंगमेहनतीच्या रेट्यात माणूस बराचसा सावध असतो. हाती रोकड पडते, सोबती हाक मारतात, तो दिवस सपाट बाजूचा.

तिथं नुसतं ‘प्रार्थना करा’ सांगून पाळकांनी मोकळं होऊ नये. उचल मिळेल त्या दिवशी मंडळीतल्या दोघांनी त्याच्याबरोबर जावं. पैसे घरी बायकोच्या हातात मोजून द्यावेत, वहीत लिहावेत. संध्याकाळी त्याला एकटं सोडू नये. त्याच्याच घरी बसून जेवावं, तिथंच प्रार्थना करावी. याला कुणी कर्मकांड म्हणालं तर खुशाल म्हणू द्या. पुढच्या वर्षीच्या उचलीलाही त्याच्याबरोबर जावं लागेल.