मांजर आणण्याआधी वही काढा

आमच्या हौगांगच्या ब्लॉकखाली एक मांजर बसलेले असते. त्याच्या कानाचे टोक कापलेले आहे. ती जखम नव्हे, नसबंदी करून परत सोडल्याची खूण. मुलगी रोज विचारते, "बाबा, हिला वर नेऊया ना?"

सरकारी सदनिकांत मांजर पाळायला १९८९ पासून बंदी होती. ती १ सप्टेंबर २०२४ ला उठली. आता घरटी दोन मांजरे चालतात, पण परवाना आणि मायक्रोचिप हवी. नॅशनल पार्क्स बोर्डाचा पशुविभाग हे काम पाहतो. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची योजनाही २०१८ पासून चालू आहे.

आपल्याकडे काहींना ही कटकट वाटते. मला नाही वाटत. सिंगापूर १९५३ पासून रेबीजमुक्त आहे, ते अशाच काटेकोरपणामुळे. कुत्रा चावल्यावरची पोटातली चौदा इंजेक्शने आपण आजीकडून ऐकलीच आहेत!

माझी तक्रार आपल्याबद्दल आहे. मांजर पंधरा वर्षे जगते, आपला वर्क पास दोन-तीन वर्षांचा. परत जाताना सोफा विकता येतो, मांजराचे काय? सोडून देणे गुन्हा आहे. दंड दहा हजार डॉलरपर्यंत, किंवा बारा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणायचेच तर दुकानापेक्षा एस.पी.सी.ए.च्या आश्रयस्थानातून आणावे, आणि घर भाड्याचे असल्यास मालकाला आधी विचारावे.

परवा मुलीला घेऊन वहीत खर्च मांडला: खाणे, लसी, नसबंदी, डॉक्टर, शेवटी पुण्यापर्यंतचे विमानभाडे. शेवटच्या ओळीवर ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण आपण परत कधी जाणार?" त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. म्हणून मांजर अजून खालीच आहे.