वेगळ्या चुलीची ऊब आणि तिचं कुंपण

आजच्या काळातली शहरी मुलगी मरते आणि डोळे उघडते ते जुन्या चीनमधल्या एका दरिद्री शेतकऱ्याच्या लेकीच्या देहात. घरात पक्षपाती आजी, लुबाडणारे काका-काकू, भोळे आईबाप, अर्धपोटी भावंडं. मुलगी कंबर कसते आणि घराला बरे दिवस आणते. चीनमध्ये शेती कसण्याच्या कादंबऱ्या म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार अनुवादांतून आता मोबाइलवर दूरदूर वाचला जातो. त्याला नावं ठेवणारे पुष्कळ, डोक्यावर घेणारेही पुष्कळ. चुकतात दोघंही.

पहिला आक्षेप पलायनवादाचा. पण पळूनच जायचं तर वाचक राजवाड्यात जाईल, कोंड्याची पेज प्यायला कशाला येईल? इथली नायिका कसायाकडून कवडीमोलाने डुकराची आतडी आणते, पीठ-मीठ लावून चोळचोळून धुते, मसाल्यात शिजवून बाजारात विकते. रात्री सगळं घर तांब्याची नाणी मोजायला बसतं. मिठाला किती गेली, मसाल्याला किती, भावाच्या गुरुजींना द्यायला किती उरली. चुलीपुढच्या कष्टांना इतक्या बारकाईने दाम लावणारं लेखन गंभीर साहित्यातही विरळाच.

दुसरा आक्षेप असा, की या कथा सरंजामी कुटुंबाचे गोडवे गातात. मग त्यांत वाटणीच्या प्रसंगाला एवढं महत्त्व का? आजीच्या मुठीतला सामाईक संसार सोडून, फुटकी कढई आणि पडीक तुकडा पदरात घेऊन आईबाप वेगळी चूल मांडतात, तेव्हा वाचक सुटकेचा श्वास टाकतो. थांग राजवटीच्या कायद्यात आईबाप हयात असताना वेगळं निघून मालमत्ता वाटून घेणाऱ्या मुलाला ३ वर्षांची सक्तमजुरी होती. मिंग आणि छिंग काळातही त्यासाठी फटक्यांची शिक्षा होती. त्या परंपरेत वाटणीपासून सुखाची सुरुवात दाखवायची, याला गोडवे गाणं म्हणत नाहीत. नातं वागणुकीवर ठरतं, असंच या कथा बजावतात.

एवढ्यावरून यांना स्त्रीमुक्तीचा जाहीरनामा ठरवणाऱ्यांचंही मात्र खरं नाही. जुन्या चीनमध्ये वाटणी मुलग्यांमध्ये समान व्हायची. मुलीच्या वाट्याला फार तर हुंड्याचं सामान. सरकारी परीक्षांची दारंही बायकांना बंद. म्हणून नायिकेचा पैसा शेवटी भावाच्या शिक्षणाला लागतो, भाऊ अधिकारी होतो आणि त्याच्या पदाच्या आडोशाने तिचं दुकान सुरक्षित राहतं. हावरट काकूही याच घरात रिकाम्या हातांनी आलेली सून असते, पण तिच्या हावरटपणाचं कारण कुणी विचारत नाही. याला धंद्याचंही कारण आहे. इंटरनेटवर कादंबऱ्या प्रसिद्ध करणाऱ्या छीदियान या चिनी संकेतस्थळाने २००३मध्ये अक्षरसंख्येनुसार प्रकरणं विकायला सुरुवात केली आणि तीच पद्धत पुढे रुळली. अक्षरांवर कमाई असली की काकूला सुधारून चालत नाही; तिला दर काही प्रकरणांनी अंगणात येऊन भांडावंच लागतं.

खरी मर्यादा याहून मोठी आहे: ही ऊब घराच्या कुंपणाबाहेर जात नाही. इतिहासात काय घडलं ते पाहा. १५९३मध्ये छन चनलुंग या व्यापाऱ्याने लुझोन बेटावरून रताळ्याचा वेल चीनच्या फूच्येन प्रांतात आणला. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या प्रांताधिकाऱ्याने त्याची लागवड गावोगाव करवली. कादंबरीत मात्र असं नवं पीक किंवा नवी पाककृती बहुधा घराण्याचं गुपित होते. फार तर दरबारात नजर करून किताब पदरात पाडून घेतला जातो. याच प्रकारातल्या, पण माओच्या काळात घडणाऱ्या कथांत तर हे जास्तच खटकतं. १९५९ ते १९६१च्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. तिथे नायिकेकडे जादूचं अदृश्य कोठार असतं. गाव उपाशी असताना ती रात्री दार लावून घरच्यांना मांस खाऊ घालते. आपल्या माणसांचं पोट भरलं म्हणून वाचकही सुखावतो. इथे ऊब आणि कंजुषी यांत फरक उरत नाही.

तरीही या कादंबऱ्या वाचाव्यात, असंच माझं म्हणणं आहे. घरकाम फुकटचं नसतं आणि प्रेमालाही धान्य लागतं, हे त्या ठणकावून सांगतात. फक्त त्यांचाच हिशोबीपणा त्यांना लावावा. आतड्यांच्या धंद्यात नाणं न् नाणं मोजणाऱ्या लेखिकेने काकूचे कष्ट आणि शेजाऱ्याची भूकही मोजलीच पाहिजे. जी ते मोजते तिचं लेखन साहित्य. बाकीच्यांची फक्त भरल्या पोटाची करमणूक.